मराठवाडा जिंकायला निघालेले

पुन्हा तेच! जालन्यात चर्चच्या सभेचं फ्लेक्स लागलं, की वर पाळकसाहेबांचा हात उंचावलेला फोटो आणि खाली 'मराठवाडा ख्रिस्तासाठी जिंकणार'. अहो, कुणाला हरवायचंय? उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत आपल्या शेजारी घागर घेऊन उभा असतो, त्या माणसाला? प्रभू येशूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, आणि आमचं ध्येयवाक्य मात्र स्वारीवर निघालेल्या फौजेसारखं!

एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी इथंच, जालन्याजवळ बेथेल वसवलं. अस्पृश्य म्हणून हाकललेल्या माणसांना हक्काचं गाव मिळालं. हा आमचा वारसा आहे, फ्लेक्स नव्हे.

वार्षिक सभेतल्या अहवालातही आम्हीच बदलणार, आम्हीच उभारणार, आम्हीच पोहोचणार. मग देव काय करणार? चर्चच्या मंडळीतल्या अंथरुणाला खिळलेल्या आजीकडे प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या स्मरणाची भाकर आणि द्राक्षरस, घेऊन महिनोन्‌महिने कुणी फिरकत नाही, त्याची एक ओळ नसते त्यात. (ऐकताना जीव जळतो.) एवढंच लिहा ना: आम्ही इथं सेवा करायला आहोत, चुकतोही, काही लागलं तर हाक मारा. आणि तो फोटो आधी उतरवा.