रिमचा आकडा जुळला म्हणजे टायर जुळला असे नाही

गाडीचे टायर बदलायची वेळ आली की एक सल्ला हमखास मिळतो : रिमचा आकडा तेवढा जुळवा, मग कोणताही टायर चालतो, थोडा रुंद घेतलात तर पकडही वाढेल, आणि चाकाच्या पूर्ण व्यासात तीन टक्क्यांपर्यंत फरक पडला तरी काही बिघडत नाही. यातले पहिले विधान चुकीचे आहे, दुसरे अर्धवट आहे आणि तिसऱ्यात सर्वांत महत्त्वाची गोष्टच राहून गेली आहे.

टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ असे लिहिलेले असेल, तर १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी असते, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आणि १५ हा रिमचा इंचांतला व्यास. भिंत १२०.२५ मिलिमीटर, वरची-खालची मिळून २४०.५, त्यात रिमचे १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर मिळवले की चाकाचा पूर्ण व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. त्याच रिमवर २०५/६५ आर १५ चढवला तर तो ६४७.५ होतो, म्हणजे चार टक्क्यांहून अधिक वाढतो. स्पीडोमीटर अंतर मोजत नाही, फेरे मोजतो. त्यामुळे एरवी अचूक असलेला काटा १०० वर असताना गाडी प्रत्यक्षात १०४ ने धावत असते. याउलट १९५/५५ आर १६ चा व्यास ६२०.९ भरतो, रिम इंचभर मोठी होऊनही घेर जवळजवळ तोच राहतो. हा हिशेब कागदावर करायला मिनिटभर लागते, आणि तो न करता टायर विकत घेणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

रुंद टायरने कोरड्या रस्त्यावर वळताना फायदा होऊ शकतो, हे मान्य. पण साचलेल्या पाण्यावर रुंद टायरला अधिक पाणी बाजूला सारावे लागते, त्यामुळे तो तुलनेने कमी वेगातही पाण्यावर तरंगू लागतो. शिवाय प्रत्येक टायरला रिमची रुंदी ठरावीक मर्यादेतच लागते. अरुंद रिमवर रुंद टायर ओढूनताणून बसवला तर भिंती आत आवळल्या जातात आणि टायरची झीज असमान होते. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या कमानीतले प्लास्टिक पाहावे. तिथे घासल्याचा चकचकीत पट्टा दिसला तर टायर त्या जागेत मावत नाही.

तीन टक्क्यांचा ठोकताळा व्यासापुरता ठीक आहे, पण टायर किती भार पेलतो हे त्यातून कळत नाही. मापानंतर येणारा ८८ एच यांसारखा संकेत अनेकजण वाचतच नाहीत. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार, ८४ म्हणजे ५००. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर वेगाची मर्यादा, टी म्हणजे १९०. व्यास तंतोतंत जुळणारा, पण ८८ च्या जागी ८४ लिहिलेला टायर घेतला, तर चार टायरांची मिळून २४० किलोंची क्षमता गमावली जाते, आणि कुटुंब व सामान भरलेल्या गाडीत नेमकी तीच लागते. कंपनीने मान्य केलेली मापे आणि हवेचा दाब बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. दुकानात जाण्यापूर्वी भाराचा आकडाही तिथूनच किंवा गाडीसोबत आलेल्या मूळ टायरवरून उतरवून घ्यावा.