अल्पमतात आहात? मग निवडणूक अशी जिंका!

समजा, तुमच्या राज्यात दहांतले सहा जण तुमच्या विरोधात आहेत. आकडे काही केल्या जुळत नाहीत, रात्री झोप येत नाही. धीर सोडू नका. मतदार तुमच्या बाजूला वळवायचे, असा एक कंटाळवाणा मार्ग आहे. त्यात सभा घ्याव्या लागतात, आश्वासनं द्यावी लागतात आणि कधीकधी ती पाळावीही लागतात. तो सोडून द्या. त्यापेक्षा अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनातल्या सभ्य गृहस्थांची शिकवणी लावा. त्यांनी हे सगळं दीडशे वर्षांपूर्वी करून दाखवलंय, आणि तेही राज्यघटनेला सगळ्यांना दिसेल असा ओरखडा न काढता.

आधी त्यांची अडचण समजून घ्या. 1870च्या जनगणनेत या राज्याची लोकसंख्या 7,05,606 होती आणि त्यातले 4,15,814 कृष्णवर्णीय होते. यादवी युद्ध संपून पाचच वर्षं झालेली. काल ज्यांचा लिलाव व्हायचा ते आज मतदार झालेले, आणि शहाण्यासारखे गुलामी मोडणाऱ्या लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाला मत देत होते. गोऱ्या मळेवाल्यांचा पक्ष तेव्हा डेमोक्रॅटिक. (आजची समीकरणं डोक्यात ठेवून वाचाल तर फसाल.) 1870 मध्ये याच राज्यातून जोसेफ रेनी निवडून गेले. गुलाम म्हणून जन्मलेला हा माणूस वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात शपथ घेणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. 1873 मध्ये तर राज्याच्या पाच खासदारांपैकी चार काळे! त्याच वर्षी इकडे पुण्यात जोतीराव फुले आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या सज्जनांना अर्पण करत होते. उरलेले सज्जन काय करत होते, त्याचा हा धडा.

पहिलं काम, भ्रष्टाचाराविरुद्ध बोंब ठोका. भ्रष्टाचार खरा असला तर फारच उत्तम, आणि इथे तो होता. रेनींच्या आधीचा खासदार व्हिटमोर हा गोरा पाद्री. लष्करी शाळेतल्या जागा विकल्याच्या आरोपावरून त्याला राजीनामा द्यावा लागला होता. तेव्हा बोंब मारायला आयतं कारण आहे. फक्त एक पथ्य पाळा, चोर सापडला की चोराला नव्हे, त्याला मत देणाऱ्यांना शिक्षा करायची.

मग माणसं जमवा. याच राज्यातल्या एजफिल्ड परगण्याचे माजी सेनापती मार्टिन गॅरी यांनी 1876च्या निवडणुकीसाठी चक्क कलमवार योजना लिहून काढली. प्रत्येक डेमोक्रॅटानं किमान एका काळ्या मतदाराचं मत ‘ताब्यात’ ठेवायचं. धमकावून, विकत घेऊन, केंद्रापासून लांब ठेवून, किंवा ज्याला जसं सुचेल तसं. कार्यकर्त्याला इतकं स्वातंत्र्य देणारा पक्ष शोधून सापडणार नाही. पुढचं कलम तर मुरलेल्या माणसाचं आहे: कुणाला नुसती धमकी देऊ नका, धमकी दिलेला माणूस त्रास देतो, मेलेला देत नाही. हे मी रचलेलं नाही. मी बापडा फक्त मराठीत उतरवतोय.

लाल सदरे शिवा. घोड्यांवर बसा, बंदुका घ्या आणि विरोधकांच्या सभेला जा. भाषणाची निम्मी वेळ आमची, अशी विनंती करा; एवढ्या बंदुकांपुढे विनंती सहसा मान्य होते. दरम्यान तुमच्या राज्यपालपदाच्या उमेदवारानं, म्हणजे वेड हॅम्प्टन यांनी, सर्वांना समान हक्कांचं वचन देत फिरायचं. ओठात एक नि पोटात एक असायला दोन माणसं लागत नाहीत, पण असली तर काम सुबक होतं. त्या जुलैत हॅम्बर्ग गावात सहा काळ्यांचे जीव गेले, त्यांतले बहुतेक शरण आल्यानंतर. शिक्षा कुणालाही झाली नाही. इथे मी विनोद करणार नाही, पुढे जातो.

मोजणीच्या दिवशी एजफिल्डमध्ये मतदारांपेक्षा दोन हजारांहून जास्त मतं निघाली. एवढा उत्साह! परिणामी राज्याची राजधानी कोलंबिया इथे दोन्ही पक्षांची मिळून दोन सरकारं झाली आणि दोन विधानसभांनी चार दिवस एकाच सभागृहात मुक्काम ठोकला. दोन सभापती एकाच मंचावर. शेवटी दिल्लीच्या... माफ करा, वॉशिंग्टनच्या सौद्यात नवे राष्ट्राध्यक्ष आले आणि 10 एप्रिल 1877ला रिपब्लिकन सरकारला राखणारे केंद्राचे सैनिक विधानभवनातून निघून गेले, आणि राज्य हॅम्प्टन यांच्या हाती आलं.

पण थांबा. एवढं रक्त सांडूनही खासदारकीच्या पाचपैकी तीन जागा विरोधकांनीच नेल्या. रेनी, केन आणि रॉबर्ट स्मॉल्स. हे स्मॉल्स म्हणजे तुमच्यासारख्या वाचकाची खरी डोकेदुखी. गुलाम असताना, 1862च्या मे महिन्यात, गुलामी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्याच बोटीवर कप्तानाची टोपी घालून, ठरलेल्या शिट्ट्या वाजवत, चार्ल्स्टनच्या तोफांखालून बोट पळवलेला माणूस. त्याला बंदूक दाखवून काय उपयोग?

म्हणून 1878 मध्ये आपल्या गृहस्थांनी बंदुकीपेक्षा कागदावर जास्त भरवसा ठेवला. त्या काळी मतपत्रिका पक्षच छापून आणायचे. तुम्ही काय करायचं, तर पतंगाच्या कागदाहून पातळ कागदावर एवढ्याशा चिठ्ठ्या छापायच्या, मोठ्या मतपत्रिकेत करंजीच्या सारणासारख्या भरायच्या आणि पेटीत टाकताना झटकायच्या. यादीपेक्षा मतं जास्त झाली? कायद्यात सोय आहे. अधिकाऱ्यानं न बघता हात घालायचा आणि जास्तीची मतं काढून नष्ट करायची. न बघता, बरं का! पण जाड कागद कुठला नि पातळ कुठला, हे बोटांना डोळ्यांशिवाय कळतं. जादा मतं आपली आणि बाद होणारी त्यांची, तेही नियमानुसार. पाचही जागा खिशात. स्मॉल्सवर आधी लाचेचा खटला भरलाच होता; पुढे मतदान घोटाळ्याचे केंद्राचे खटले मागे घेण्याच्या सौद्यात त्याला माफी देऊन टाकली. माफीचाही बाजारभाव असतो.

तरी मेला चिवट. 1880ची निवडणूक हरला, तक्रार गुदरली आणि 1882च्या जुलैत वॉशिंग्टननं त्यालाच जागा दिली.

आता मात्र अभियांत्रिकी लागणार. त्याच 1882 साली राज्यानं आठ पेट्यांचा कायदा केला. राज्यपालाची पेटी वेगळी, काँग्रेसची (म्हणजे तिकडच्या संसदेची) वेगळी, अशा आठ. चुकीच्या पेटीत पडलेलं मत बाद. ज्याला वाचता येत नाही त्यानं अधिकाऱ्याला विचारायचं; आणि अधिकारी कुणी नेमले, हे विचारायचं नाही. शेजाऱ्यानं मदत केली तर गुन्हा. ओळीनं पाठ करून आलात? पेट्यांची जागा अधूनमधून बदलायची. ज्यांना अक्षर शिकवणं युद्धाआधी याच राज्यात गुन्हा होता, त्यांची ही वाचनपरीक्षा. शिवाय सगळ्यांची फेरनोंदणी, आणि घर बदललं की नवा दाखला.

नकाशाही घ्या. खासदारकीच्या जागा आता पाचाच्या सात झाल्यात. सातव्या मतदारसंघात काळी वस्ती इतकी कोंबली की लोक त्याच्या आकाराला अजगर म्हणू लागले. एक जागा अजगराला द्या, सहा तुम्ही ठेवा. दानशूरपणाही दिसतो.

एवढं झाल्यावर कबूल करायला हरकत नाही. याच राज्याचे सिनेटर बेन टिलमन यांनी 1900 मध्ये सिनेटमध्ये उभं राहून सांगितलं की आम्ही पेट्या भरल्या, आम्ही त्यांना गोळ्या घातल्या, आणि आम्हाला त्याची लाज वाटत नाही. त्यांचा पुतळा राज्याच्या विधानभवनासमोर 1940 मध्ये बसवला.

राहिला एक धोका, तो सांगून टाकतो. 1895 मध्ये टिलमन यांच्या आग्रहाखातर नवी राज्यघटना लिहिली गेली, उरलीसुरली मतंही काढून घेणारी. ती लिहिणाऱ्या सभेत सहा काळे प्रतिनिधी होते, त्यांत आपले स्मॉल्सही. काळ्या-गोऱ्यांच्या विवाहावर बंदीचं कलम आलं, तेव्हा ते उठले आणि म्हणाले, मग काळ्या बाईबरोबर राहणाऱ्या गोऱ्यालाही सरकारी पदावर बंदी घाला. सभागृह गोंधळलं. शेवटी सह्यांची वेळ आली आणि सही न करणाऱ्यांना प्रवासभत्ता मिळू नये, असं कुणीतरी सुचवलं. स्मॉल्स म्हणाले, सही करण्यापेक्षा मी घरी ब्यूफर्टपर्यंत चालत जाईन.