रोल्स-रॉइस बंद पडली होती, आणि त्याची नोंदही आहे

‘रोल्स-रॉइस कधीच बंद पडत नाही. १९०७ साली ती एकदाही न थांबता चोवीस हजार किलोमीटर धावली. परदेशात एका गिऱ्हाइकाचा अ‍ॅक्सल तुटला, तर कंपनीने माणसं पाठवून तो बदलला आणि बिल मागितल्यावर कळवलं, आमचे अ‍ॅक्सल तुटतच नाहीत. अपमान झाला म्हणून अलवरच्या महाराजांनी याच गाड्यांतून कचरा वाहिला. तेव्हाच्या कारागिरांना चाचण्यांची गरजच नव्हती.’

हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. मी सोडून देत होतो. पण माझा भाचा आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकतो आणि त्याने हे सगळं जसंच्या तसं प्रोजेक्टच्या वहीत उतरवलं. उद्या ज्याच्या हातात लोकांच्या गाड्यांचे ब्रेक येणार, त्याने ‘चाचणीची गरज नव्हती’ असं लिहावं? आता गप्प बसवत नाही.

त्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात घातक तेच आहे. १९०७ची ती धाव ही चाचणीच होती! चाळीस-पन्नास हॉर्सपॉवरची ‘सिल्व्हर घोस्ट’, नंबर एएक्स २०१, रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या निरीक्षकांसमोर पंधरा हजार मैल चालवली. लंडन-ग्लासगो रस्त्यावर पुन्हा पुन्हा नेली. आणि ती थांबली होती. ६२९ मैलांवर धक्क्यांनी पेट्रोलचा कॉक, म्हणजे पेट्रोल सोडणारी तोटी, आपोआप बंद झाला आणि गाडी उभी राहिली. त्यापुढचे १४,३७१ मैल मात्र ती बिघाडाने थांबली नाही. टायरसाठीचे थांबे यात धरलेले नाहीत, हेही फॉरवर्डमध्ये कुणी सांगत नाही.

खरी गोष्ट त्यानंतरची. क्लबने गाडी पूर्ण खोलली आणि एकेक भाग मोजला. इंजिन आणि गिअरबॉक्स ठीक निघाले. स्टिअरिंगच्या काही सांध्यांत आणि मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या) जोडणीत किंचित झीज सापडली. वॉटर पंपाचं पॅकिंग बदलायला हवं होतं. गाडी पुन्हा नव्यासारखी करायचा खर्च त्यांनी काढला: २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स. पंधरा हजार मैलांनंतर एवढाच खर्च, ही कौतुकाचीच गोष्ट आहे, मला ती नाकारायची नाही. पण हा आकडा मिळाला तो झीज शोधली म्हणून, लपवली म्हणून नव्हे.

अ‍ॅक्सलच्या गोष्टीत ना साल, ना गाव, ना मालकाचं नाव. शिवाय ‘आमचं तुटतच नाही’ म्हणणाऱ्या माणसांनी ही गाडी बनवलेली नाही. हिच्या आधीच्या तीस हॉर्सपॉवरच्या सहा सिलिंडर मॉडेलमध्ये क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारे इंजिनातले मुख्य दांडे, तुटत होते. लांब शाफ्ट फिरताना पिळवटायचा, ठरावीक वेगाला थरथर वाढत जायची आणि शेवटी तो मोडायचा. गाडी घडवणाऱ्या हेन्री रॉइसने हे मान्य केलं, म्हणून तर पुढच्या गाडीत, म्हणजे सिल्व्हर घोस्टमध्ये, जाड क्रँकशाफ्ट आणि त्याला तोलून धरणारी सात मेन बेअरिंग आली. ‘तुटत नाही’ म्हणत बसला असता तर सिल्व्हर घोस्ट झालीच नसती.

आणि १९१२? ऑस्ट्रियातल्या आल्प्स स्पर्धेत जेम्स रॅडलीची सिल्व्हर घोस्ट कात्शबर्गच्या चढावर अडली. तीनच गिअर, त्यात पहिलाही इतक्या उभ्या चढाला जड. माणसं खाली उतरवावी लागली. पुढच्या वर्षी कंपनी त्याच स्पर्धेत चार गिअरच्या गाड्या घेऊन उतरली. कात्शबर्ग वगळून रोल्सचं कौतुक सांगणं म्हणजे त्या वर्षभराची मेहनत पुसून टाकणं.

घाटाचंच निघालं म्हणून सांगतो, १९०८च्या मुंबई-कोल्हापूर चाचणीत आपल्या सह्याद्रीचे घाट चढत सुमारे ६२० मैल याच मॉडेलची गाडी उत्तम चालली. फॉरवर्ड करणाऱ्यांना अभिमानच हवा असेल तर हा घ्यावा.

महाराजांच्या कचऱ्याच्या गोष्टीवर फार शब्द घालवत नाही. तीच गोष्ट कधी अलवरची म्हणून सांगतात, कधी भरतपूरची, कधी पतियाळाची. समकालीन कागद कुणीच दाखवत नाही.

भाच्याला ते पान फाडायला लावलंय. नव्या पानावर पेट्रोलचा कॉक, मॅग्नेटोची जोडणी, क्रँकशाफ्ट आणि पहिला गिअर अशी चार चित्रं काढायची. प्रत्येकाखाली काय बिघडलं आणि का, ते लिहायचं. क्रँकशाफ्टचं काल रात्री काढून झालं. सातही बेअरिंग बरोबर दाखवलीत.