नळ तोच, पण दिवस कितवा?

मेंदूच्या सुजेवरचा लेख आवडला, पण ‘ॲक्वापोरिन-४ बंद करणारं औषध आलं की पक्षाघातानंतरची मेंदूची सूज संपली’ हे वाक्य खटकलं. ते अर्धंच खरं आहे. ॲक्वापोरिन-४ म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या आवरणावरचा, पाणी आत-बाहेर जाऊ देणारा प्रथिनाचा नळ.

पहिल्या काही तासांत रक्त न मिळाल्याने पेशींचा सोडियम बाहेर टाकणारा पंप बंद पडतो. मीठ आत साचतं आणि त्याच्यामागे पाणी येतं, तेही मुख्यतः ॲस्ट्रोसाइटच्या (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींच्या), रक्तवाहिनीला बिलगलेल्या पावलांवरच्या याच नळांतून. २००० साली हा नळच नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाला, तेव्हा चोवीस तासांनंतरची सूज ३५ टक्क्यांनी कमी भरली. इथवर लेखकाशी सहमत.

पुढे रक्तवाहिन्याच पाझरू लागतात, पाणी पेशींच्या बाहेर साचतं आणि त्याचा निचरा करायला हेच नळ लागतात. २००४ च्या प्रयोगात, मेंदूत बाहेरून पाणी सोडल्यावर, नळ नसलेल्या उंदरांच्या डोक्यातला दाब उलट जास्त चढला. म्हणजे मोरीत पाणी तुंबलेलं असताना जाळीवर बोळा कोंबायचा!

मी आयसीयूत नर्स आहे. आमच्याकडे अजून मॅनिटॉलच, म्हणजे मेंदूतलं पाणी ओढून सूज उतरवणारं, शिरेतून द्यायचं औषध. थंडीत बाटलीत खडे धरतात, मग गरम पाण्यात ठेवून ते विरघळवायचे आणि उजेडात धरून बघायचं. पेशंट बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुस्तावतो, तेव्हा आम्ही आधी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या तपासतो. त्या वेळी नळ उघडा हवा की बंद, हे लेखात कुठेच नाही. पुढच्या भागात लिहाल का?