रिटर्न भरलं नव्हतं म्हणून क्लेम बुडाला, असं कोणी सांगितलं?

गेली काही वर्षं एक मेसेज अधूनमधून फिरून येतो. एखाद्याचा अपघाती मृत्यू झाला आणि तो मागची तीन वर्षं आयकर रिटर्न भरत असेल, तर त्याच्या सरासरी वार्षिक उत्पन्नाच्या दहापट रक्कम त्याच्या घरच्यांना द्यायला म्हणे सरकार बांधील आहे. सोबत उदाहरण: पहिल्या वर्षी चार लाख, मग पाच, मग सहा, सरासरी पाच, म्हणजे सरकारकडून पन्नास लाख. एखाद्या वर्षाचं रिटर्न राहिलं असेल तर क्लेम कमी होईल किंवा मिळणारच नाही, कारण कोर्ट रिटर्न हाच पुरावा मानतं, एफडी आणि धंद्यातल्या गुंतवणुकीला तेवढी किंमत देत नाही. लोकांना माहिती नसते म्हणून कोणी मागत नाही. शेवटी मोटार वाहन कायदा 1988, कलम 166, सर्वोच्च न्यायालयातल्या एका अपिलाचा नंबर आणि 2013 सालची तारीख. आमच्या गावाकडच्या ग्रुपवर आलेल्या मराठी आवृत्तीला कोणीतरी वर शेपूटही जोडलंय: हेल्मेट नि लायसन्स नसेल तर रुपयासुद्धा नाही.

एरवी मी असले मेसेज सोडून देतो. या वेळी तो मावशीच्या घरी पोचला, आणि नेमका नको तेव्हा. तिच्या जावयाला, आमच्या दाजींना, टेम्पोने मागून उडवलं. त्यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेड. रिटर्न त्यांनी कधी भरलं नाही. तेरावं उरकलं तशी ताई म्हणाली, “आपल्याला काय मिळायचं नाही रे, ह्यांचं रिटर्नच नव्हतं.” मोबाईल तिने माझ्यापुढे धरला होता. मी वकील नाही. पण कायदा आणि निकाल वाचायला वकील असावं लागत नाही, आणि हा मेसेज लिहिणाऱ्याने तेवढेही कष्ट घेतलेले नाहीत.

ज्या कलम 166 चा दाखला दिलाय, ते आधी बघू. अपघातातल्या भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज कोणी करायचा, कुठे करायचा, किती दिवसांत करायचा, एवढंच त्यात आहे. त्यात आयकर नाही, दहापट नाही, आणि सरकार देईल असंही नाही. पैसे देण्याची जबाबदारी ज्याच्या चुकीने अपघात झाला त्या चालकाची आणि गाडीच्या मालकाची. मालकाने विमा उतरवलेला असला तर त्याच्या वतीने विमा कंपनी भरते. थर्ड पार्टी विमा सक्तीचा केलाय तो याचसाठी. म्हणजे दाव्यात समोर टेम्पोमालक आणि त्याची विमा कंपनी असते. सरकारचा संबंध येतो तो सरकारी जीपने किंवा एसटीने उडवलं तर, आणि तोही गाडीचा मालक म्हणून.

आता नाइलाजाने एक गोष्ट मान्य करतो. काही पैसा सरकारी वाटेने खरोखर येतो. ठोकून पळून गेलेली गाडी सापडलीच नाही, तर कलम 161 खाली मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. हा अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो. 2025 पासून अपघातग्रस्ताला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत, रोकड न भरता उपचार मिळण्याची योजना आहे. आपल्याकडे शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून दोन लाखांचं अनुदान आहे. यांतल्या कशालाही तीन वर्षांचं रिटर्न लागत नाही. शेतकऱ्याच्या योजनेला सातबारा लागतो.

‘अपघाती मृत्यू’ एवढं मोघम लिहिल्यामुळे आणखी घोळ. विहिरीत पडून, विजेचा धक्का बसून, जिन्यावरून घसरून गेलेल्यांचे नातेवाईकही कलम 166 घेऊन फिरतात. हे कलम मोटारीच्या अपघाताचं आहे, आणि त्यातही दुसऱ्याची चूक दाखवावी लागते. स्वतःच दुभाजकावर आदळलेल्याच्या वारसांनी मृताची स्वतःची पॉलिसी काढून बघावी: मालक-चालकासाठी पंधरा लाखांचं व्यक्तिगत अपघात संरक्षण सक्तीचं केलेलं आहे. ते घेतलेलं असून घरच्यांना ठाऊक नाही, असं फार होतं.

दहापट कुठून आली ते देव जाणे. भरपाईचं गणित सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा निकालात बांधून दिलं आणि 2017 मध्ये प्रणय सेठी प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते पक्कं केलं. वार्षिक उत्पन्न घ्यायचं, वाढीची शक्यता म्हणून त्यात वयाप्रमाणे टक्के मिळवायचे, मृताचा स्वतःवरचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. हा गुणक 15 ते 25 वयाला 18 आहे, पुढे उतरत उतरत पासष्टीनंतर 5.

मेसेजमधलेच पाच लाख घ्या, आयकर वजा जाता. बत्तीस वर्षांचा, स्वतःचा धंदा असलेला माणूस. मागे बायको, दोन मुलं, आई. वाढीचे 40 टक्के धरून सात लाख. चार अवलंबित म्हणून स्वतःचा खर्च पाव, उरले सव्वापाच लाख. गुणक 16. झाले 84 लाख. तोच माणूस बासष्ट वर्षांचा असता आणि मागे दोन अवलंबित असते, तर वाढ शून्य, खर्च एक तृतीयांश, गुणक 7: साधारण सव्वातेवीस लाख. म्हणजे पन्नास लाखांचा आकडा तरुण विधवेला चौतीस लाखांनी फसवतो आणि म्हाताऱ्याच्या घरच्यांना दुपटीहून जास्त आशा लावतो. याशिवाय अंत्यविधी, सहवास गमावणं वगैरेंच्या ठराविक रकमा असतात; त्या मोठ्या नाहीत.

पण माझा खरा राग आहे तो ‘रिटर्न हाच पुरावा’ या वाक्यावर. बाकीच्या चुकांनी माणूस चुकीच्या ऑफिसात जाईल, चुकीची रक्कम धरून बसेल. या वाक्याने तो दावाच टाकणार नाही. आणि मेसेज वाचणाऱ्यांत रिटर्न न भरणारेच किती तरी. गवंडी, रिक्षावाला, ऊसतोडीला जाणारी बाई, पहाटे मार्केट यार्डात पाट्या उचलणारा हमाल. रस्त्यावर सायकलीने आणि पायी जाणारे हेच. कायदा फक्त रिटर्नवाल्यांचा असता तर हे सगळे मेले काय नि जगले काय, सारखंच झालं असतं.

तसं नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे 2014 मध्ये एका भाजीविक्रेत्याचं प्रकरण आलं. अपघातात त्याचा पाय गेला होता. कागद काहीच नव्हता. न्यायालयाने म्हटलं की भाजी विकणाऱ्याकडे उत्पन्नाचा कागद मागण्यात अर्थ नाही, आणि महिना साडेसहा हजार उत्पन्न धरून भरपाई वाढवून दिली. हा एकच निकाल नीट वाचला असता तर मेसेजमधलं ते वाक्य लिहिलंच गेलं नसतं. 2021 मध्ये न्यायालयाने पुन्हा सांगितलं की पगाराचा दाखला नसेल तर किमान वेतन हा आधार घेता येतो, पण तीच शेवटची मर्यादा नाही. माणूस काय काम करत होता, कसा राहत होता, हे बघून काही अंदाज करावाच लागतो. त्याच वर्षी गृहिणीच्या घरकामालाही उत्पन्न धरून भरपाई द्यायची, हे तत्त्व पुन्हा ठणकावलं गेलं. त्या बायकांनी कुठलं रिटर्न भरलं होतं? या दाव्यात फौजदारी खटल्यासारखा संशयापलीकडचा पुरावाही लागत नाही. जास्त शक्यता कशाची, एवढं न्यायाधिकरण बघतं. टेम्पोचालक फौजदारीत सुटला तरी क्लेम सुटत नाही तो यामुळेच.

मग वेल्डिंगवाल्याचं उत्पन्न दाखवायचं कशाने? वर्कशॉपचं लाइट बिल. पत्रा, अँगल, रॉडची बिलं. कोटेशनची वही. बँकेचं पासबुक, फोनवरून आलेल्या पैशांचा तपशील. वर्कशॉपच्या कर्जाचे हप्ते, कारण महिन्याला काही न कमावणाऱ्याला बँक कर्ज देत नाही. ज्यांची गेटं बसवली त्यांच्यातले दोघं-तिघं साक्षीला. हाताखाली पोरगा होता, त्याला पगार काय दिला जायचा तेही. हे सगळं धरून महिना पंधरा हजार जरी मान्य झाले, तरी अडतीस वर्षांच्या, चार अवलंबित मागे असलेल्या माणसाचा हिशेब असा: वर्षाला 1,80,000, वाढ धरून 2,52,000, पाव वजा जाऊन 1,89,000, गुणक 15, एकूण 28,35,000. ज्याला ‘काय मिळायचं नाही’ म्हणत होतो ते हे.

रिटर्न हा भक्कम पुरावा आहे, हे मात्र खरं. न्यायालयं त्याला कायद्याने दाखल झालेला दस्तऐवज म्हणून वजन देतात, आणि असलेलं रिटर्न दाखवलं तर वाद लवकर मिटतो. पण त्याला दुसरी धार आहे ती मेसेज सांगत नाही. कर वाचवायला उत्पन्न कमी दाखवलं असेल, तर विमा कंपनीचा वकील तेच रिटर्न तुमच्यापुढे धरतो. तोंडाने कितीही सांगा, आकडा सहीनिशी दिलेला असतो. याहून वाईट म्हणजे हा मेसेज वाचून एका ‘सल्लागारा’ने ताईला सुचवलं की मागची रिटर्नं आता भरून टाकू, उत्पन्न जरा चढवून. पावतीवर दाखल केल्याची तारीख छापलेली असते, बाबा. मृत्यूनंतर फुगवून भरलेलं रिटर्न संशयाने बघितलं जातं आणि लाइट बिल, साक्षीदार असा जो खरा पुरावा आहे त्यावरचा विश्वासही घालवून बसतं.

एफडीचं म्हणाल तर ती धरली जात नाही याचं कारण साधं आहे. माणूस गेला तरी ठेव वारसांकडेच राहते. बुडते ती त्याची कमाई, आणि भरपाई बुडालेल्याची असते. उलट आयुर्विम्याचे पैसे मिळाले म्हणून भरपाईतून ते कापता येत नाहीत, हे 1998 मध्येच आपल्या एसटी महामंडळाविरुद्धच्या प्रकरणात ठरलंय.

हेल्मेट-लायसन्सच्या शेपटावर फार वेळ घालवत नाही. अपघातग्रस्ताकडे लायसन्स नव्हतं एवढ्यावरून अपघातात त्याची चूक ठरत नाही, असं 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. एका गाडीवर तिघं बसले होते म्हणून भरपाई कापायची असेल तर त्याचा अपघाताशी किंवा दुखापतीशी संबंध दाखवा, असं 2020 मध्ये. हेल्मेटवरून फार तर काही टक्के कापण्याचा वाद होतो. आणि लायसन्स टेम्पोचालकाकडे नसेल, तर बहुतेक वेळा कंपनीला आधी तुम्हाला पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करायला सांगतात. हेल्मेट घाला, ते डोक्यासाठी.

या मेसेजमध्ये जखमींचा तर पत्ताच नाही, जणू भरपाई मेल्यावरच. जखमीचा दावा पुराव्याला जास्त किचकट असतो, कारण दाखल्यावरचं अपंगत्व आणि कमाईतली घट या दोन गोष्टी वेगळ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या राजकुमार निकालातलं उदाहरण चपखल आहे: डावा हात गेला तर अपंगत्व समजा साठ टक्के, पण ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळपास शंभर टक्के जाते, आणि सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकतेसुद्धा. म्हणून नुसता दाखला जोडून भागत नाही. डॉक्टरांची साक्ष लागते, काम काय होतं ते सांगावं लागतं. औषधांची बिलं, दवाखान्याला जायच्या गाडीचं भाडं, सोबत राहिलेल्याचा बुडालेला रोज, सगळ्याचे कागद पहिल्या दिवसापासून पिशवीत ठेवा.

‘माहिती नसल्याने लोक मागत नाहीत’ हे वाक्य तेवढं खरं आहे. ज्यांच्यामुळे मागत नाहीत त्यांनीच ते लिहिलंय ही गंमत. मागायचं कसं ते सांगतो. 1 एप्रिल 2022 पासून अर्जाला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर घरी बसू नका. पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. ठाण्यात जाऊन तो गेला का विचारा, एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या नकला घ्या, टेम्पोची पॉलिसी अपघाताच्या दिवशी चालू होती का बघा. अपघात कुठेही होवो, अर्ज तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो. दवाखान्याच्या दारात भेटणाऱ्या एजंटाला सह्या केलेले कोरे कागद देऊ नका. मिळेल त्यातले इतके टक्के, असा फीचा करार वकिलाने करणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. आणि वकिलाला द्यायला पैसे नसतील, तर स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यायचा.