मला आता शांतता हवीय, पण म्हणून पब बंद करा असं मी म्हणणार नाही

शुक्रवारी रात्री अकराला मी झोपलेला असतो आणि त्यात मला खरंच सुख वाटतं. बर्लिनमध्ये राहून हे सांगितलं की पुण्यातल्या भाचरांना पटत नाही, कारण हे शहर रात्रीसाठीच ओळखलं जातं. पश्चिम बर्लिनमध्ये बार बंद करायची सक्तीची वेळ १९४९ मध्येच उठली, वीकेंडला काही क्लब शनिवारी रात्री सुरू होतात ते सोमवार सकाळपर्यंत, आणि २०२४ मध्ये तर इथलं टेक्नो म्हणजे क्लबमधलं इलेक्ट्रॉनिक संगीत देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. तिशीत इथे आलो तेव्हा मी पण जायचो, भरपूर नाचलो, पहाटेच्या यू-बानने, म्हणजे इथल्या मेट्रोने, घरी यायचो, ते दिवस छानच होते.

आता पंचेचाळिशी उलटली आणि आवड बदलली, एवढंच. टेम्पेलहोफचं विमानतळ २००८ ला बंद झालं आणि २०१० पासून ते लोकांसाठी मोकळं आहे, तिथल्या जुन्या रनवेवर संध्याकाळी चालायचं. मे महिन्यात गेलात तर डोक्यावर चंडोल गात असतात, भर शहरात, कारण ते तिथल्या गवतात घरटी करतात. त्या जागेवर घरं बांधायची योजना होती, ती २०१४ मध्ये बर्लिनकरांनी मतदान करून थांबवली. जमलं तर बुधवारी दुपारी एकला फिलहार्मोनी या संगीत सभागृहाच्या लॉबीत जातो, सीझनमध्ये आठवड्यातून एकदा तिथे फुकट मैफल असते, लोक जिन्यावर, फरशीवर मांडी घालून बसतात, शेजारी पंचाहत्तरीच्या आजी आणि कॉलेजची पोरं एकत्र. आणि रविवार. दुकानं बंद, ड्रिलमशीन बंद, सकाळी चहा घेऊन गॅलरीत बसलं की घड्याळाकडे बघावंसंच वाटत नाही.

हे सगळं मनापासून आवडत असूनही, घरच्या ग्रुपवर नाईटलाइफचा वाद निघतो तेव्हा मी माझ्या वयाच्या लोकांच्या बाजूने बोलू शकत नाही. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत हॉटेलं-मॉल चोवीस तास उघडे ठेवायला मंजुरी मिळाली तेव्हा हा वाद झाला, मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले तेव्हा परत झाला, आणि प्रत्येक वेळी आमच्या पिढीचं म्हणणं एकच, रात्री जागणं ही आपली संस्कृती नाही. असं कसं म्हणता? कोजागिरी काय आहे, जागरण-गोंधळ काय आहे? सवाई गंधर्व १९५३ ला सुरू झाला, आणि पुढे कित्येक वर्षं लोक घोंगड्या-शाली घेऊन पहाटेची भैरवी होईपर्यंत बसायचे, माझे आईबाबा बसलेत. मराठी माणसाला रात्र जागवायला नेहमीच आवडलंय, फक्त आपलं वय झालं की आपली जागरणं तेवढी पवित्र आणि पोरांची थेरं, हा हिशोब मला मान्य नाही.

पण ताईचं दुःख पण खरं आहे. ती बाणेरला राहते, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर बार आहे, रात्री साडेबाराला बेसने खिडकीची काच थरथरते आणि भावजींचं बीपी वाढलेलं. कायदा तिच्याच बाजूने आहे, आपल्याकडे रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, बर्लिनमध्ये साधारण निवासी वस्तीला ४०, म्हणजे कागदावर फार फरक नाही. फरक असा की इथे दहानंतर आवाज झाला की शेजारी आधी बेल वाजवतो, मग पोलिसांना फोन करतो, आणि पोलीस येतात. ताई फोन करते तेव्हा उत्तर मिळतं, बघतो.

इथे तरी सगळं गोड आहे असं नाही. बर्लिनच्या प्रेन्झलाउअर बेर्ग भागात १९५२ पासूनचा क्नाक नावाचा क्लब होता, शेजारी नवीन फ्लॅट झाले, नवीन लोकांनी आवाजाची तक्रार केली आणि २०१० च्या शेवटी क्लब बंद पडला. मला वाईट वाटलं. क्लब आधी होता, भिंतीपलीकडे बेडरूम नंतर आली. मग २०१८ मध्ये शहराने दहा लाख युरोचा फंड काढला, त्यातून क्लबना साउंडप्रूफिंगला पैसे मिळाले. तरुणांनी नाचायचं की म्हाताऱ्यांनी झोपायचं यावर भाषणं देण्यापेक्षा भिंत जाड केली, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

आणि घरी कसं जायचं हा मुद्दा तर आपल्याकडे कुणी बोलतच नाही. बर्लिनमध्ये शुक्रवार-शनिवार यू-बान रात्रभर चालते, बाकी रात्री बस, दारू प्यायलेल्या पोराला गाडीची चावी खिशात ठेवायची गरजच पडत नाही. पुण्यात मेट्रो अकराच्या सुमारास बंद, म्हणजे पब दीड वाजता बंद करून आपण त्या सगळ्यांना एकाच वेळी आपापल्या गाड्यांवर रस्त्यावर सोडतो.

त्यामुळे ताईला मी सांगितलं, सोसायटीतर्फे अर्ज द्यायचाच असेल तर त्यात संस्कृती वगैरे शब्द नको, डेसिबलचं मोजमाप लाव, गच्चीवरचे स्पीकर आत घ्यायची मागणी कर, वीकेंडला बालेवाडी-बाणेरहून रात्रभर बस मागा, आणि विसर्जनाच्या डीजेला पण तोच नियम लावा असं ठळक लिही. शेवटच्या मुद्द्यावर सोसायटीत सह्या मिळत नाहीयेत म्हणे. तो काढून टाकला तर मी पण सही करणार नाही.