थ्री-नॉट-थ्रीचा दोष नेमका कुठला?

काल कट्ट्यावर नाना पेटला होता. "थ्री-नॉट-थ्री रायफल, १८८८ चं काडतूस पोलिसाच्या हातात आणि समोर एके-४७! सीएसटीला २००८ साली काय झालं, विसरलात?" नाना खात्यातून निवृत्त झालेला. त्या रात्रीचा विषय निघाला की त्याचा आवाज चढतोच.

आबा फौजेतले. म्हणाले, "नाना, रायफलीचा राग काडतुसावर काढू नकोस. दर गोळीला बोल्ट ओढायचा, मॅगझिनमध्ये दहाच. तेवढ्यात समोरचा तीस झाडून मोकळा. पण नुसती गोळी बघ. थ्री-नॉट-थ्रीची अकरा ग्रॅमची, सेकंदाला सातशे चाळीस मीटरच्या आसपास निघते. एके-४७ ची आठ ग्रॅमची, सातशे पंधराच्या आसपास. दुबळी कोण?"

"मग फौजेनं ती सोडली का?" अव्यानं विचारलं.

"कडेमुळे." आबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळीच्या, म्हणजे दारू भरलेल्या नळीच्या, बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे राहिली, की गोळी पुढे सरकताना अडकते. हेच काडतूस वापरणाऱ्या ब्रेनगन या मशीनगनचं मॅगझिन वाकडं दिसतं ते याच कडेपायी. तीच ब्रेन ७.६२ मिलिमीटरच्या नाटोच्या बिनकडेच्या काडतुसावर आणली तेव्हा मॅगझिन जवळजवळ सरळ झालं. हे मला माहीत नव्हतं. आबांनी हातानंच आकार काढून दाखवला.

मला मात्र आबांचा मुद्दा अर्धाच पटला. रशियाचं ७.६२ चं जुनं काडतूस १८९१ चं, त्यालाही कड आहे, आणि ड्रॅगुनोव्ह ही आपोआप पुढची गोळी भरणारी रायफल आली १९६३ साली, तेच काडतूस घेऊन. आपल्या फौजेतही ती आहे. म्हणजे कड ही अडचण खरी, पण बंदूक बनवणाऱ्यानं मनावर घेतलं तर सुटणारी.

अव्याला लांब पल्ल्याच्या नेमबाजीचं वेड. तो २००७ च्या साडेसहा मिलिमीटरच्या क्रीडमूर काडतुसाचं कौतुक करायला लागला. मी त्याला स्वीडनचं साडेसहा बाय पंचावन्न हे काडतूस दाखवलं. ते १८९४ चं. गोळीचा व्यास तोच, नऊ ग्रॅमची गोळी दोन्हींत चालते. जुन्याचे कारखान्यातले राउंड बऱ्याचदा सौम्य भरतात, कारण लोकांकडे त्या काळातल्या रायफली अजून आहेत. आजच्या मजबूत रायफलीत आजची दारू पुरेपूर भरली, की ते क्रीडमूरला हार जात नाही. क्रीडमूर आखूड आहे, रायफलीच्या छोट्या ॲक्शनमध्ये, म्हणजे गोळी भरणाऱ्या यंत्रणेत, बसतं, ही सोय मात्र खरी. अव्या मोबाईलवर आकडे ताडत बसला.

नाना बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुमचं सगळं मान्य. पण आम्हाला सरावाला वर्षातून एकदा मोजक्या गोळ्या मिळायच्या. त्याही जुन्या. घोडा दाबला की कधी नुसतीच टक् व्हायची."

"हे आधी सांगायचं होतंस," आबा म्हणाले.